बिबट्यासमोर ताटकळलेली मुलगी

एका कोवळ्या पोरीला मी एकदा ऐन थंडीत, द्राक्षाच्या मांडवाखाली, बिबट्यासमोर उभं केलं आणि तिला पळायची परवानगीच दिली नाही. कारण माझं पहाटेचं वर्णन संपायचं होतं. बिबट्या समोर शेपटी हलवतोय, पोरीच्या हातात जळती काडी, वेलींवर दव गोठायला लागलेलं, आणि मी सांगतेय की पूर्व दिशा कशी केशरमिश्रित दुधासारखी दिसत होती. बिबट्यासुद्धा बिचारा थांबला होता. जनावरांना साहित्याची कदर माणसांपेक्षा जास्त असते, असं मला तेव्हा वाटलं असावं.

घाबरू नका. ती मुलगी आणि तो बिबट्या दोघं मिळून मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढी जागा व्यापत होते. खेळ माझ्या लेकीने, तृप्तीने, बनवला होता आणि त्याची गोष्ट मी लिहिली होती. पडद्यावरच्या पोरीचं काही गेलं नाही. माझ्या पोरीचं मात्र जवळजवळ सगळंच जाणार होतं.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा आमच्या बागेत विरळणी सुरू झाली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑक्टोबरात छाटणी झाली की वेलींना घड येतात, आणि थंडी पडेपर्यंत ते मण्यांनी इतके गच्च भरतात की एका मण्याला दुसऱ्याशेजारी अंग हलवायला जागा राहत नाही. मग बायका बारीक टोकाच्या कात्र्या घेऊन मांडवाखाली उभ्या राहतात आणि प्रत्येक घडातले मणी कापून टाकतात. चांगले, हिरवेगार, निरोगी मणी. उरलेल्यांना फुगायला जागा मिळावी म्हणून. दुपारपर्यंत पायाखाली कच्च्या मण्यांचा सडा पडतो, त्याचा आंबूस वास नाकात बसतो, डोक्यावर कात्र्यांची कचकच चालू असते, आणि मधूनच ओझरच्या विमानतळाकडून एखादं विमान बागेवरून इतकं खालून जातं की बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं तोंडातच राहतं.

माझी नात सई सुट्टीला आलीय. ती बांधावर क्रेट उलटा घालून त्यावर बसली होती, मांडीवर टॅब. पडद्यावर कुणी दाढीवाला राजा हातवारे करून काहीतरी सांगत होता. सईने अंगठ्याने त्याला उडवून लावलं.

"अगं, काय म्हणत होता तो?"

"काय माहीत. तो बोलतच असतो, आजी."

मी इतकी हसले की मांडवाखालच्या बायका डोकी काढून बघायला लागल्या. तो दाढीवाला राजा कोण ते मी ओळखलं होतं. ती मीच.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि लेखिका होते. म्हणजे गावच्या हायस्कुलात मराठी शिकवत होते आणि माझ्या दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या; त्यातली एक तर माझ्या नावासकट. तेवढ्या भांडवलावर मी चालताना मान थोडी तिरकी ठेवत असे. नवं शतक चार-पाच वर्षांचं झालं होतं, रंगीत पडद्याचे मोबाइल नुकते खिशात दिसायला लागले होते, आणि तृप्ती नाशकातून कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी येऊन बसली होती. तिला खेळ बनवायचे होते. हे खूळ जुनं. नव्वदच्या दशकात, ती चौथी-पाचवीत असेल, तिच्या पप्पांनी नाशिकच्या मेनरोडवरून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. बाकीची पोरं खेळली, हिने स्क्रू काढून आत पाहिलं. मला विचारलं, "आई, या माणसाला उडी मारायला कोण सांगतं?" मी म्हटलं, "देव." शिक्षिका होते ना.

आता तिच्या पप्पांनी ओझरला ओळखीच्या एका ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकला होता. दिवसभर कागदावरचं कॉम्प्युटरवर उतरवायचं काम. "द्राक्षं उतरेपर्यंत तुला काय करायचं ते कर," त्यांनी सांगितलं. "शेवटची गाडी भरली की सोमवारपासून कामाला." पुण्यात मोबाइलचे खेळ बनवणारी एक छोटी कंपनी होती. तृप्तीचा खेळ बघायला ते तयार होते. आवडला तर तिला घेणार होते. एक हंगाम होता तिच्या हातात, बस.

खेळाचं नाव 'शेकोटी'. आमच्याकडे थंडी कडाक्याची पडली की पहाटे बागेत शेकोट्या करतात, नाहीतर मणी तडकतात. तृप्तीने तेच उचललं. एक मुलगी मांडवाखालून फिरते, छाटणीच्या वाळक्या काड्या गोळा करते, ओळीओळीला शेकोटी पेटवते. शेकोटी विझली की वेली गारठतात आणि अंधारातून बिबट्या जवळ येतो. सगळ्या शेकोट्या उजाडेपर्यंत जागत्या ठेवायच्या. खेळून बघायला तिने बोलावलं अक्कांना. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचं घर विहिरीच्या पलीकडे, आणि त्यांना गोड बोलता येत नसल्याची ख्याती विहिरीच्या अलीकडेपर्यंत.

अक्कांनी फोन हातात घेतला, चार शेकोट्या पेटवल्या.

"पेटली. पुढं?"

"पुढच्या ओळीतली पेटवायची, मोठी आई."

"आन् मग?"

"त्याच्या पुढची."

"मग मी माझ्याच बागेत जाते की बाई. तिथं निदान द्राक्षं तरी येतील."

तृप्तीचा चेहरा उतरला, पण तिला पटलं. रात्री भाकऱ्या करताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, ही पोरगी एकटी इथं का आलीय, एवढं कळलं पाहिजे. तू लिहून दे ना. थोडक्यात."

त्यातला 'थोडक्यात' हा शब्द तव्यावर पडला आणि जळून गेला. मला ऐकूच आला नाही.

मी लिहिलं. मुलीचा बाप नाशिकच्या दवाखान्यात. आई लहानपणीच वारलेली. बागेच्या टोकाला बापाची बाज, राखणीला निजण्यासाठी त्याने स्वतः विणलेली; तिच्या सुंभाच्या प्रत्येक पिळात त्याचं आयुष्य कसं पिळलं गेलं होतं, यावर एक परिच्छेद. एक मोर. तो कथेत काही करत नव्हता, पण त्याच्यावाचून पहाट मला ओकीओकी वाटत होती. आणि ती पहाट! ती तर मी पानभर उगवली.

आता अडचण अशी, की त्या फोनला मराठी अक्षरं येत नसत. तृप्तीला एकेक अक्षर ठिपके मांडून चित्रासारखं काढावं लागे. आणि सगळा खेळ चौसष्ट केबीत बसवायचा. आजच्या मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत असे कितीतरी खेळ मावतील. माझ्या प्रत्येक शब्दाला तिला खेळातलं काहीतरी काढून जागा करावी लागत होती. एकदा चाचरत म्हणाली, "आई, 'केशरमिश्रित' काढूया का? तुझ्या या जोडाक्षरांपायी माझ्या शेकोटीची ज्योत हलेनाशी झालीय. हलायला तीन चित्रं लागतात, आता एकच उरलं."

मी काय म्हणाले असेन? "ज्योत नाही हलली तरी चालेल, वाचणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे."

आज त्या बाईच्या कानाखाली काढावीशी वाटते. पण ती मीच, आणि माझा हात आता तेवढा उचलत नाही.

याहून मोठा पराक्रम पुढेच आहे. तृप्ती म्हणाली, "ज्याला वाचायचं नाही त्याला पुढे जाता यावं म्हणून एक कळ ठेवते." मी भडकले. "कहाणी ऐकताना कुणी मधून उठतं का? शुक्रवारची असो नाहीतर सोमवारची, हातात तांदूळ धरून बसतात, आणि शेवटचा शब्द होईपर्यंत मूठ उघडत नाहीत. तसंच वाचलं पाहिजे." ती कळ मी काढायला लावली. बिबट्याने पकडलं की खेळ पहिल्यापासून सुरू होई, म्हणजे माझी पहाटही पहिल्यापासून. "परत परत तेच, आई?" "कहाण्यासुद्धा दरवर्षी त्याच असतात. कुणी कंटाळतं का?" तिने बिचारीने ऐकलं. दोन कथा छापून आलेल्या आईपुढे ती काय बोलणार?

अक्कांना पुन्हा बोलावलं. तृप्ती घरात नव्हती, फोन मीच त्यांच्या हातात दिला. अक्का अक्षर अक्षर लावत वाचायला लागल्या. पहाट, मोर, वारलेली आई.

"मंदे, हा बिबट्याच ना?"

"हो, पण आधी वाचा."

"वाचते गं, पन तो आलाय की! ही बया उभी का?"

"बाजेचं राहिलंय अजून."

अक्कांनी फोनवरच्या सगळ्या कळा एकदम दाबल्या. मुलगी हलली नाही. "हिचे पाय शिवलेत का गं?" असं म्हणून त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेना. पदराने डोळे पुसत त्या विहिरीपलीकडे गेल्या. तृप्तीने संध्याकाळी विचारलं, "काय म्हणाली मोठी आई?"

"अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं," मी म्हटलं.

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

पुण्याला आम्ही दोघी एसटीने गेलो. मी इरकल नेसले होते. कंपनी म्हणजे एका इमारतीतल्या दोन खोल्या, आणि खेळ बघणारा माणूस माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. त्याने फोन हातात घेतला, सभ्यपणे वाचायला लागला. मी त्याचा चेहरा बघत होते. केशराशी कधी पोचतो ते. त्याने एक कळ दाबली. दुसरी दाबली. मग वाचणं सोडून नुसत्याच कळा दाबल्या. तृप्ती स्वतःच्या नखांकडे बघत होती. शेवटी त्याने फोन टेबलावर ठेवला.

"गोष्ट कुणी लिहिली?"

"मी," मी सरसावून बसले.

"छान आहे. छापायला द्या." मग तृप्तीकडे वळून म्हणाला, "मॅडम, मी खेळायला कधी सुरुवात करायची?"

पडद्यावरच्या पोरीने एक पाऊलही टाकलेलं नव्हतं. तृप्तीने बनवलेल्या काड्या, ओळी, विझत जाणाऱ्या शेकोट्या, अंधारातून येणारी बिबट्याची चाल, यातलं त्याने काहीच पाहिलं नव्हतं. उठता उठता तो म्हणाला, "महिन्याभरात नवीन माणसं घेणार आहोत. त्याआधी काही बदललं तर दाखवा." भला माणूस. मला मात्र परतीच्या वाटेवर तो अरसिक, उद्धट आणि मराठीचा मारेकरी वाटत होता, आणि हे मी नारायणगावपासून संगमनेरपर्यंत तृप्तीला पटवून दिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. संगमनेरला गाडी थांबली, मी भेळ आणली, तिने पुडा उघडलाही नाही.

"अगं, तू काहीतरी बोल ना."

"तुझं संपलं की बोलते," तृप्ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिने. पण सिन्नरचा घाटरस्ता आला, गेला, नाशिक आलं, आणि तिचा न उघडलेला पुडा मी मांडीवर धरून होते. बिबट्यासमोर उभं राहून कळा दाबणारं खरं कोण होतं, ते मला त्या सीटवर कळलं. कोर्स झाल्यापासून ती काही सांगायला बघत होती, आणि माझी पहाट संपत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बागेत विरळणी होतीच. एक नवी सून कामाला आली होती, तिचा हात मण्यांवर थबकत होता. मी तिला दटावलं, "काप गं. जीव तुटतोय म्हणून ठेवलेस तर सगळाच घड बारीक राहील." बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. पलीकडच्या ओळीतून अक्कांनी पानांआडून नुसतं "अगोबाई" म्हटलं. त्यांनाही ऐकू आलं होतं.

मग बायकांनी रोजच्यासारखी फर्माइश केली, "बाई, गोष्ट सांगा." मांडवाखाली सगळ्यांची डोकी पानांत गेलेली असतात, कुणाचा चेहरा दिसत नाही. दिसतात ते पाय. त्यामुळे ऐकणारीने हुंकार द्यायचा, ही तिथली पद्धत. मी एक वाक्य सांगायचं, पानांतून "हूं" यायचं, मग दुसरं वाक्य. विमान आलं की हुंकार ऐकू येत नाही, मग मी थांबायची. हुंकार पातळ झाला की ओळखायचं, बायका कंटाळल्या. वर्णन सोडून द्यायचं आणि वाघ आणायचा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं मी तसंच सांगत आले होते. त्या दिवशी सांगता सांगता ध्यानात आलं, की या मांडवाखाली मी एकदाही पहाटेचं वर्णन पुरं केलेलं नाही. कुणी करूच दिलेलं नाही.

फोनवरची कळ म्हणजे दुसरं काय? हुंकारच तो. तोच मी तोडून टाकला होता, आणि वर म्हणत होते, ऐका.

संध्याकाळी कमरेची विरळणीची कात्री तशीच घेऊन मी तृप्तीपुढे बसले. "काप," म्हटलं. "आणि अक्का रडल्या नव्हत्या. हसल्या होत्या."

"माहितीय," ती म्हणाली. "मोठ्या आईने त्याच दिवशी सांगितलं मला."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू इरकल काढून ठेवली होतीस इस्त्रीला."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. आम्ही घड हातात धरल्यासारखी ती गोष्ट धरायचो. मोर गेला. आई आधीच वारली होती, ती पुन्हा वारली. पण सगळंच कापायला निघाले तेव्हा तृप्तीनेच माझा हात धरला. "नुसत्या शेकोट्या उरल्या तर मोठी आई पुन्हा बागेत निघून जाईल." प्रत्येक वाक्यापाशी ती मला एकच विचारायची, "हे सांगायचं, का खेळणाऱ्याच्या हातून घडवायचं?" थंडीचं वर्णन काढलं, त्याऐवजी मुलगी शेकोटीपासून लांब गेली की तिची चाल मंदावते. बाजेच्या सुंभावरचा परिच्छेद काढला; त्याऐवजी तृप्तीने बागेच्या टोकाला बाज काढली, रिकामी. आणि उजाडायच्या थोडं आधी सगळ्या काड्या संपतात, जळण्यासारखी ही बाज एवढीच उरते, असं केलं. माझ्या पानभर मजकुरातलं एक वाक्य शिल्लक राहिलं: 'आज बाबा मळ्यात नाहीत.' अजून मला त्या वाक्याचा गर्व आहे. सगळ्या घडातला तेवढा एक मणी, पण काय फुगला! रिकाम्या झालेल्या जागेत ज्योत पुन्हा हलायला लागली.

अक्कांना तिसऱ्यांदा बोलावलं. या वेळी तृप्ती समोर बसली आणि मला तोंडाला पदर लावून बसायची ताकीद मिळाली. अक्का खेळल्या. दोनदा बिबट्याने धरलं, दोनदा त्याला शिव्या घालून पुन्हा सुरू केलं. वाटेत वाचण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे शिव्यांना भरपूर वेळ मिळाला. मग काड्या संपल्या. शेकोट्या एकेक विझायला लागल्या. मुलगी बाजेपाशी आली आणि अक्कांचा अंगठा कळेवर थांबला.

"हिला लावायची?"

"बघ तूच, मोठी आई."

"हिच्या बापाची असंल ही."

मी पदर काढलाच. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? खाली त्याचं पायताण हाय की." तृप्तीने बाजेखाली दोन ठिपके ठेवले होते, ते मला इतक्या दिवसांत दिसले नव्हते. अक्का पुटपुटल्या, "तो आल्यावर निजंल कशावर?" बिबट्या एक ओळ पुढे आला. आणखी एक. अंगठा तसाच. मग त्यांनी डोळे मिटून कळ दाबली. बाज पेटली, पडदा हळूहळू उजळला. कुठलंही केशर न घालता पहाट झाली.

अक्कांनी फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "हूं."

आमच्या ह्यांनीही खेळून पाहिलं. त्यांनी सगळ्यात आधी बाजच पेटवली. "पप्पा!" तृप्ती ओरडली. "जवळ होती, लावली," ते म्हणाले. "नवीन विणू की." तर असेही लोक असतात, आणि खेळ त्यांच्यासाठीही असतो. माझ्या पहिल्या गोष्टीत त्यांना असं वागताच आलं नसतं. मला विचाराल, आणि न विचारलंत तरी, खेळात गोष्ट किती असावी याचं माप हेच: समोरच्याला त्यात वेडंवाकडं वागायला जागा उरली पाहिजे, आणि तसं वागल्यावर त्याला काहीतरी टोचलंही पाहिजे. ह्यांना टोचलं का? पुढच्याच आठवड्यात त्यांनी आमच्या बागेतल्या जुन्या बाजेचं सुंभ ओढून घट्ट केलं. कारण विचारलं तर म्हणाले, ढिलं झालं होतं.

पुण्याला तृप्ती एकटी गेली. "या वेळी तू येऊ नकोस," असं तिने सांगितलं आणि मी इरकल ट्रंकेत ठेवली. परत आली ती हसतच. त्या माणसाचा चहा गार झाला म्हणे, आणि बाजेपाशी त्याने वर बघून विचारलं, "दुसरं काही जाळता येत नाही का?" तिने नाही म्हटल्यावर त्याने कामावर कधी येता म्हणून विचारलं. द्राक्षाची शेवटची गाडी भरली त्या सोमवारी ओझरच्या ऑफिसातली खुर्ची रिकामीच राहिली. तृप्ती अजून खेळच बनवते. सईच्या टॅबमधला तो दाढीवाला राजा तिचा नव्हे, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

ती निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी तिची बॅग भरत होतो. बाहेर क्रेट चढवायची आरडाओरड, घरभर पिकल्या द्राक्षांचा गोड वास. मी तेव्हा नव्यानेच कमी बोलायला शिकले होते, आणि नव्याने शिकणाऱ्यासारखीच ते फार करत होते. "डबा दिलाय. पोचलीस की फोन कर," एवढंच बोलून कपड्यांच्या घड्या घालत राहिले. घडी घालून झाली की मोडायची आणि पुन्हा घालायची. तृप्तीने माझ्या हातातला परकर काढून बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आई," ती म्हणाली, "ती कापून टाकलेली गोष्ट सांग ना. पहाटेपासून, मोरासकट, सगळी. मी हूं म्हणते."